बिल आलं नेपाळचं, मुक्काम होता भारतात

'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. धन्यवाद.' मोबाईल कंपनीचा हा मेसेज दिसला की माझं आजही डोकं फिरतं. फोन नाही, विचारपूस नाही, बिलातला रुपया कमी नाही, आणि म्हणे निराकरण झालं. कोणाचं झालं, ते त्यांनाच माहीत.

दारव्हा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. जून लागला की दुकानातून हलता येत नाही, म्हणून आमच्या सगळ्या सहली मे महिन्यात, भर उन्हात. यंदा मायची इच्छा होती पशुपतिनाथाची. माय, मंडळी आणि दोन लेकरं घेऊन निघालो. काशी, अयोध्या, गोरखपूर, तिथून सोनौली, मग पलीकडे लुंबिनी, पोखरा, काठमांडू. सडकेनं जायला पासपोर्ट लागत नाही, मतदान कार्डावर काम होतं. सहल मस्त झाली, तिच्याबद्दल तक्रार नाही.

घरातले तीन नंबर एकाच पोस्टपेड फॅमिली प्लॅनमध्ये आहेत, माझ्या नावावर. त्यातल्या फक्त मंडळीच्या नंबरवर निघण्याआधी यवतमाळच्या कंपनी स्टोअरमधून रोमिंगचा पॅक घेतला. काउंटरवरच्या पोरानं स्वतःच्या हातानं मोबाईलची सेटिंग करून दिली, डेटा रोमिंग चालू केलं, आणि पॅक आम्ही सीमा ओलांडणार त्या तारखेपासून लावून दिला. बाकी सगळे तिच्या हॉटस्पॉटवर, असा बेत.

सोनौली हे महाराजगंज जिल्ह्यातलं, म्हणजे उत्तर प्रदेशातलं, आपल्या बाजूचं शेवटचं गाव. समोरच्या कमानीपलीकडे नेपाळ. उशीर झाला म्हणून आम्ही अलीकडेच लॉज घेतला. जेवून खोलीत आलो तर मंडळी म्हणते, "अवो, तुमच्या मोबाईलात साडेनऊ अन् माह्यात पावणेदहा. खरं कोनतं?" नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढं असतं. तिचा मोबाईल तिकडच्या टॉवरला चिकटला होता, माझा इकडच्या. पोरीला गंमत वाटली. तिनं दोन्ही मोबाईल चादरीवर शेजारी शेजारी ठेवले, आपल्या मोबाईलनं फोटो काढला आणि मावशीच्या ग्रुपवर टाकला. त्या फोटोत दोन्ही घड्याळं स्पष्ट दिसतात, वर कोपऱ्यात एका मोबाईलवर आपल्या कंपनीचं नाव आणि दुसऱ्यावर नेपाळी कंपनीचं. हसलो आणि झोपलो. मंडळीचा मोबाईल रात्रभर चार्जिंगला होता. काशीचे घाट आणि गंगा आरतीचे व्हिडिओ आपोआप बॅकअपला चढत राहिले. पॅक सुरू होणार होता दुसऱ्या दिवशी.

आमचं बिल येतं साडेसातशेच्या घरात. ह्या वेळी आलं 13,412 रुपये. त्यातला जवळजवळ सगळा आकडा त्या एका रात्रीचा, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी.

क्रेडिट लिमिट कशाला असते मग, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं. लिमिट जवळ आल्याचा मेसेज आला तेव्हा आम्ही पोखऱ्यात तळ्यावर होतो. मेसेजात ना रक्कम होती ना कारण. नंतर कळलं की परदेशी कंपनीकडून वापराचा हिशेब आपल्या कंपनीकडे उशिरा येतो, त्यामुळे मीटर आपल्यासमोर पळतच नाही. सगळं होऊन गेल्यावर घंटा वाजते.

आता मुख्य दुखणं. लिमिट ओलांडली म्हणून तिन्ही नंबरांचं आउटगोइंग बंद केलं, तेही नेमकं जूनच्या सुरुवातीला. मृग तोंडावर, कास्तकार बिजवाईसाठी फोनवर फोन करून राहिले, डिस्ट्रिब्युटरला मला उलटा फोन लावता येत नाही. दुकानातल्या पोराच्या मोबाईलवरून धंदा केला. त्याच दिवसांत 198 ला तक्रार सुरू केली. (198 हा तक्रारीचा नंबर आणि 121 माहितीचा. 121 वर कितीही डोकं फोडलं तरी तक्रार नोंदेलच असं नाही. आपलं आउटगोइंग बंद असलं तरी 198 लागत होता, एवढं बरं.)

पलीकडचे लोक फार गोड बोलतात.

"सर, युसेज परदेशी नेटवर्कवर झालेला आहे, म्हणून चार्ज व्हॅलिड आहे."

"मॅडम, मी त्या रात्री उत्तर प्रदेशात होतो."

"सर, सिस्टीममध्ये नेपाळ दिसत आहे."

"सिस्टीमनं टॉवर पाहिला. माणूस कुठं होता ते मी सांगून राहिलो."

"मी आपली तक्रार पुढे पाठवते, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

अजून एकही मदत झाली नव्हती, तरी 'आणखी'. मग डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी नंबर येणार, दोन-चार दिवस शांतता, आणि मग तो निराकरणाचा मेसेज. पुन्हा फोन, पुन्हा नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून काशी-अयोध्या सांगा. आधीच्या माणसानं काय लिहून ठेवलं ते पुढच्याला दिसत होतं की नाही, देव जाणे. एकानं तर मला विचारलं, "सर, नेपाळ भारतात येतो का?" मी म्हटलं, बाप्पा, तोच तर वाद आहे.

मध्येच दुकान सोडून यवतमाळच्या स्टोअरला गेलो. टोकन घेतलं, एसीत बसलो, नंबर आला. सेटिंग करून देणारा पोरगा सोडून गेला होता. मॅनेजर म्हणाला, "काका, आमच्याकडं फक्त सिम आणि बिल भरणा. बिल कमी करायचे अधिकार आम्हाला नाहीत." मग अधिकार कोणाला? "कस्टमर केअरला." आणि कस्टमर केअर सांगत होतं, जवळच्या स्टोअरला भेट द्या. मी मोठ्यानं बोलायला लागलो तसा तो आवाज खाली आणून म्हणाला की आज भरणार असाल तर अर्धं माफ करून पाहतो. दोन मिनिटांआधी याला अधिकार नव्हते! मी म्हटलं, चूक माझी असेल तर पूर्ण घ्या आणि तुमची असेल तर पूर्ण सोडा, अर्धं कायले? बसस्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये चहा पिताना वाटलं, साडेसहा हजार वाचत होते, घ्यायला पाहिजे होते. पण एसटीत बसेपर्यंत ते वाटणं गेलं.

गावात सगळ्यांचा एकच सल्ला, पोर्ट कर अन् फेक ते सिम. मीही 1900 वर मेसेज टाकून पाहिला. पोस्टपेडची थकबाकी असली की पोर्टिंग नामंजूर होतं, आणि इथं थकबाकी हाच वाद. शिवाय बँक, आधार, खताच्या कंपन्या, सगळं त्याच नंबरवर. सिम फेकायचं बोलायला सोपं आहे.

ट्रायला, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेला, लिहून उपयोग नाही हेही सांगून ठेवतो. मला वाटलं होतं की वरच्या मालकाकडं गेलं की खालचे हलतील. ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, कंपनीकडेच जायला सांगते. मात्र तिच्या टीसीसीएमएस पोर्टलवर प्रत्येक कंपनीच्या तक्रार केंद्राचा आणि अपिलीय प्राधिकरणाचा पत्ता, मेल असतो. तो घ्या, तोच कामाचा.

हे अपिलीय प्राधिकरण म्हणजे काय, ते मला दूरसंचार खात्यातून रिटायर झालेल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. ते तणनाशक घ्यायला आले होते आणि माझी फोनवरची कटकट ऐकत उभे होते. म्हणाले, "फोनवर भांडून काय करता राजे, अपील टाका." 2012 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक टेलिकॉम कंपनीला दोन पायऱ्या ठेवाव्याच लागतात, पहिली तक्रार केंद्र, दुसरी अपील. तक्रारीचा निकाल पटला नाही किंवा मुदतीत आलाच नाही, तर 30 दिवसांत अपील करता येतं. फी नाही. अपिलावर सल्ला द्यायला दोघांची समिती असते, त्यातला एक जण ग्राहक संघटनेचा. आणि 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. मी पुन्हा 198 ला फोन करून मुद्दाम विचारलं, तर पोरगा म्हणाला, "सर, असं काही नसतं." त्याच्या कंपनीचा पत्ता माझ्यासमोर पोर्टलवर उघडा होता.

तर ज्या मेसेजचा मला एवढा राग येत होता, तोच अपिलाचा दरवाजा निघाला. तक्रार बंद झाली की पुढं जाता येतं, आणि 30 दिवस तिथून मोजतात. म्हणून तो मेसेज रागानं डिलीट करू नका. डॉकेट नंबर मी दुकानाच्या उधारीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवले होते, ते सगळे उतरवता आले.

अपील मी एका पानात बसवलं. भाच्यानं इंग्रजीत टाइप करून दिलं, सेतूवाल्याकडून कागद स्कॅन केले, मेलवर पाठवलं आणि वरून स्पीड पोस्टानंही. शिव्या एकही नाही, काशीचं वर्णन नाही. मुद्दा एकच, वापराच्या वेळी ग्राहक भारताच्या हद्दीत होता आणि तुमच्या नेटवर्कनं त्याचा मोबाईल शेजारच्या देशाला लागू दिला. सोबत बिलाचं त्या रात्रीचं पान, लॉजची पावती (पावतीवर सोनौली, जि. महाराजगंज, उ. प्र. असं ठळक छापलेलं), लॉजला त्याच रात्री केलेल्या यूपीआय पेमेंटची नोंद, पॅक कोणत्या तारखेपासून आहे तो कंपनीचाच मेसेज, आणि दोन घड्याळांचा तो फोटो. शेवटी एक ओळ की न्याय मिळाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ती धमकी पोकळ नव्हती. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात असं सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी लागत नाही. 1915 ही ग्राहक हेल्पलाइनही लावली होती. त्यांनी तक्रार नोंदवून कंपनीकडं पाठवली, बोलले नीट. पण काम अपिलानं झालं असं माझं मत आहे.

एक मधेच राहिलं. वादात नसलेली रक्कम, म्हणजे प्लॅनचं भाडं आणि पॅकचे पैसे, मी भरून टाकले आणि तसं लेखी कळवलं की उरलेली रक्कम वादात आहे, निकाल लागेपर्यंत तिच्यासाठी नंबर बंद ठेवू नका. हे आधीच सुचलं असतं तर पेरणीचे दिवस असे गेले नसते. त्यानंतर आउटगोइंग सुरू झालं. तोवर मात्र पऱ्हाटी लावून झाली होती लोकांची.

अपिलाचा नंबर लवकरच आला, आणि मग बऱ्याच दिवसांनी एका बाईंचा फोन. 'सिस्टीममध्ये दिसतं' असं न म्हणणारी ही पहिलीच व्यक्ती. त्यांनी कागद वाचले होते! त्यांना फक्त तो फोटो हवा होता, पण व्हॉट्सॲपवरून आलेला नको, मूळ फाइल. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की तो कुठं आणि किती वाजता काढला ही आतली माहिती निघून जाते. पोरीच्या मोबाईलात मूळ फोटो शाबूत होता. त्यात वेळ आणि ठिकाण दोन्ही होतं, ठिकाणाचा ठिपका कमानीच्या अलीकडे. मेलला जोडून पाठवला. पोरीला मी नेहमी म्हणायचो की सारखे कायचे फोटो काढतेस. आता म्हणत नाही.

निकालाचा मेल आला, त्या रात्रीचा सगळा वापर जीएसटीसकट पुढच्या बिलात वजा. दुकानात त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

सीमेजवळ मुक्काम असेल तर मोबाईलच्या सेटिंगमध्ये नेटवर्क 'ऑटोमॅटिक'वरून काढून आपली कंपनी हातानं निवडा. पलीकडचा टॉवर कितीही जोरात असला तरी मग मोबाईल तिकडं जात नाही. पॅक एक दिवस आधीपासून लावा, थोडे पैसे वाया गेले तर जाऊ द्या. फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा. आणि काउंटरवरचा पोरगा सेटिंग करत असेल तर काय काय चालू केलं ते त्याच्याकडून तिथंच लिहून घ्या, महिन्याभरानं तो तिथं सापडत नाही.

बिलात अजून 100 रुपये लेट फी दिसून राहिली, ज्या रकमेवर लावली ती रक्कमच त्यांनी माफ केली तरी. तिची वेगळी तक्रार टाकली आहे. डॉकेट नंबर वहीत लिहिला.