रुंद अलॉय आणि फुटपाथची कड : टायर निवडताना नेमकं काय मोजायचं

अलॉय घासलेल्या गाड्या पाहा, ओरखडे बहुतेक डाव्या चाकांवरच असतात. चालक उजवीकडे बसतो, गाडी डावीकडे लागते आणि डाव्या कडेचा अंदाज आरशातूनच घ्यावा लागतो. त्यातही मागचं डावं चाक जास्त मार खातं. डावीकडे वळताना मागचं चाक पुढच्याच्या आतून जातं. पुढचं चाक कोपऱ्यापासून नीट सुटलं म्हणून आपण निर्धास्त होतो आणि मागचं सोसायटीच्या गेटच्या काँक्रीटला घासतं.

असं झालं की दोष ‘लो प्रोफाइल’, म्हणजे बुटक्या बाजूच्या टायरवर टाकला जातो. उपाय म्हणून साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, उंच असलेला टायर सुचवला जातो. माझ्या मते इथे उंचीला गरजेपेक्षा जास्त महत्त्व मिळतं. फुटपाथला समांतर उभं राहताना रिम वाचते ती रबर रिमच्या कडेपेक्षा किती बाहेर आहे यावर. हा फरक मिलिमीटरमध्ये काढता येतो, तोही टायर विकत घेण्याआधी, कागदावर.

आधी उंचीचा हिशोब करू. २२५/४५ आर १७ टायरची रुंदी २२५ मिमी, रिम १७ इंची आणि साइडवॉल २२५ च्या ४५ टक्के, म्हणजे १०१ मिमी. ही उंची टायर रिमवर जिथे बसतो तिथपासून धरलेली असते. रिमची कड तिथून आणखी सुमारे १७ मिमी बाहेर येते. म्हणजे जमीन ते रिमची कड हे अंतर ८४ मिमी उरलं. गाडीच्या भाराने टायर खाली दबतो, त्यात आणखी दीड-दोन सेंमी जातात. हाच हिशोब २०५/५५ आर १६ ला लावला तर साइडवॉल ११३ मिमी आणि रिमची कड ९६ मिमीवर येते. दोन्हींत जेमतेम बारा मिमीचा फरक. फुटपाथची कड पंधरा सेंमी असेल तर ती दोन्ही टायरांत रिमच्या कडेच्या वरच पोचते. रस्त्यावर डांबराचे थर चढून कड बुटकी झालेली असेल तरच उंच साइडवॉलचा फायदा होतो. खड्ड्यात मात्र तो नक्की होतो आणि आपल्या पावसाळ्यात तो विचार सोडून चालत नाही. पण तो प्रश्न वेगळा आहे.

आता रुंदीकडे येऊ. रिमवर ‘१७ × ८ जे’ लिहिलेलं असतं त्यातले ८ इंच म्हणजे रिमच्या आतली, टायर बसतो तेवढीच रुंदी, २०३ मिमी. दोन्हीकडच्या कडांची जाडी त्यात येत नाही. ती मिळून साधारण २५ मिमी धरा. म्हणजे ८ जे रिमची बाहेरून बाहेर रुंदी २२८ मिमीच्या आसपास. त्यावर २२५ चा टायर चढवला तर सकृद्दर्शनी रबर रिमपेक्षा अरुंदच ठरतो.

प्रत्यक्षात थोडी बरी स्थिती असते. टायरची रुंदी एका ठरावीक मापाच्या रिमवर बसवून मोजलेली असते. २२५/४५ आर १७ साठी ती रिम साडेसात इंची आहे. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण ५ मिमी पसरतो. म्हणजे ८ जे वर तो २३० मिमी होतो. रिम २२८, टायर २३०. दर बाजूला एक मिमी रबर. हे संरक्षण नाहीच.

आता कंपनीतून आलेली मांडणी पाहा. स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या गाड्यांवर मिळणारं २०५/५५ आर १६ हे माप घ्या. साडेसहा इंची रिमवर या टायरची खरी रुंदी २१४ मिमी असते. रिमची बाहेरून रुंदी १६५ अधिक २५, म्हणजे १९०. दर बाजूला १२ मिमी रबर बाहेर. फुटपाथला हलकं घासलं तरी फक्त साइडवॉल काळी-पांढरी होते आणि रिमला काही होत नाही, त्याचं कारण हे बारा मिमी. रुंद रिम घेतल्यावर तेच आपण विकून टाकतो.

त्यात ऑफसेटची भर पडते. चाक गाडीला जिथे टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी सरकलेली आहे, ते हे अंतर. रिमवर ते ‘ईटी’ असं लिहितात आणि आकडा जितका लहान तितकी रिम बाहेर येते. साडेसहा इंची, ईटी ४० च्या जागी ८ इंची, ईटी ४० ची रिम लावली तर बाहेरची कड १९ मिमी बाहेर येते. ईटी ३५ असेल तर २४ मिमी. म्हणजे रबराचं कवच जवळजवळ संपतं आणि कड फुटपाथच्या दिशेने दोन सेंमी सरकते. चालकाची सवय मात्र जुन्याच चाकाची असते. नव्या रुंद अलॉयवर पहिल्या काही दिवसांतच ओरखडा पडतो तो यामुळे.

८ जे रिम आधीच घेतलेली असेल तर काय करायचं? २३५/४५ आर १७ पाहा. हा टायर ८ इंची रिमवरच मोजला जातो आणि त्याची खरी रुंदी २३६ मिमी आहे. दर बाजूला ४ मिमी रबर मिळतं. साडेसात ते नऊ इंची रिम त्याला मान्य आहे, त्यामुळे ८ जे वर तो अगदी नीट बसतो. व्यास २२५/४५ पेक्षा ९ मिमीने, तर मूळ २०५/५५ आर १६ पेक्षा ११ मिमीने मोठा होतो. मूळ मापाच्या तुलनेत वाढ १.८ टक्के. स्पीडोमीटर त्या प्रमाणात कमी वेग दाखवेल, पण ही वाढ चालण्यासारखी आहे. अट एकच : आतल्या बाजूला टायर आणि शॉक अॅब्सॉर्बर यांच्यात जागा हवी. टायर आतही ३ मिमी वाढतो. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि मागच्या सीटवर माणसं बसवून चाकाच्या कमानीचं प्लॅस्टिक घासतं का, हे टायरवाल्याकडेच पाहून घ्या. घरी पोचल्यावर आवाज ऐकून शोधायची ही गोष्ट नाही.

रिम अजून घ्यायची असेल तर ७ जे घ्या. तेच २२५/४५ आर १७ सात इंची रिमवर २२० मिमी होतं, रिम बाहेरून २०३. दर बाजूला आठ मिमीहून जास्त. टायर तोच, फक्त एक इंच अरुंद रिम घेतल्याने रिमभोवती सात मिमी जास्त रबर मिळालं. दिसायला ८ जे दणकट वाटते हे खरं, पण रोजच्या वापराच्या गाडीला मी ७ जेच सुचवेन.

उलट दिशेची चूक म्हणजे ८ जे वर २०५ किंवा २१५ चा टायर ताणून बसवणं. २१५/४५ आर १७ हा ८ जे वर नियमात बसतो, पण तिथे त्याची रुंदी २२३ च्या आसपास असते आणि रिमची कडच सगळ्यात बाहेर राहते. २०५ तर त्या रिमला मान्यच नाही. ताणलेल्या टायरची साइडवॉल तिरकी होते, हवा कमी झाली आणि जोराचं वळण आलं की टायरची कड रिमवरून सुटू शकते. हा फक्त ओरखड्यांचा प्रश्न नाही.

आता रिम प्रोटेक्टर. साइडवॉलच्या तळाशी, रिमच्या कडेला लागून, रबराची एक जाड धार सगळ्या बाजूने फिरलेली असते. तिचं महत्त्व तिच्या जागेत आहे. टायर सगळ्यात रुंद असतो तो साइडवॉलच्या मध्यावर. रिमजवळ येताना तो आत वळतो आणि तिथेच एक खाच राहते. फुटपाथचा कोपरा त्या खाचेत शिरून रिमला लागतो. प्रोटेक्टर ती खाच भरून काढतो आणि कडेच्या थोडा पुढे येतो. सावकाश, कमी कोनात घासलं तर आधी ही धार घासते. त्यासाठीच ती दिलेली असते.

खुणा कंपनीगणिक वेगळ्या. काँटिनेंटलच्या यादीत ‘एफआर’, मिशेलिनकडे ‘एफएसएल’, डनलॉपकडे ‘एमएफएस’, गुडइयरकडे ‘एफपी’, योकोहामाकडे ‘आरपीबी’. ही अक्षरं टायरवर छापलेली असतीलच असं नाही. पुष्कळदा ती फक्त मापांच्या यादीत सापडतात. आणि इथे बरेच जण फसतात : एकाच मॉडेलच्या एका मापाला प्रोटेक्टर असतो, दुसऱ्याला नसतो. साधारणपणे साइडवॉलच्या टक्केवारीचा आकडा ५५ किंवा त्याखाली असलेल्या मापांत तो जास्त दिसतो. म्हणून ‘या मॉडेलला आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. तुमच्याच मापाचा टायर काढायला सांगा आणि रिमवर बसणाऱ्या कडेच्या जरा वर बोट फिरवा. प्रोटेक्टर असेल तर ठळक उंचवटा बोटाला लागतो, सपाट भाग संपून अचानक पायरी यावी तसा. नुसतं नक्षीचं रबर गुळगुळीत उताराने संपतं.

यादी वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. यादीतल्या ‘सेक्शन विड्थ’मध्ये अक्षरं, नक्षी आणि संरक्षक धार धरलेली नसते. ‘ओव्हरऑल विड्थ’मध्ये धरलेली असते. दोन्ही आकडे दिलेले असतील तर त्यांतला फरक पाहा. युरोपीय नियमांत टायरची एकूण रुंदी ठरलेल्या मापापेक्षा ४ टक्क्यांपर्यंत जास्त असू शकते आणि संरक्षक धार असेल तर वर आणखी ८ मिमीची सूट आहे. त्यामुळे दोन कंपन्यांचे २२५ सारखेच बाहेर येतील ही अपेक्षा ठेवू नका. चौकोनी खांद्याचे, वेगासाठी बनवलेले टायर आरामासाठीच्या गोल खांद्याच्या टायरांपेक्षा बहुधा भरलेले दिसतात.

माप पक्कं करताना लोड इंडेक्स खाली जाऊ देऊ नका. २०५/५५ आर १६ वर ९१ असेल तर एका टायरची क्षमता ६१५ किलो. ९४ म्हणजे ६७०, ९७ म्हणजे ७३०. एक्सएल, म्हणजे जास्त भारासाठीच्या टायरची बांधणी मजबूत असते, पण तेवढाच भार उचलायला त्याला थोडी जास्त हवा लागते. हवा कमी ठेवून साइडवॉल फुगवायची आणि रिम वाचवायची, ही युक्ती सोडून द्या. कमी हवेचा टायर गरम होतो, कडेने झिजतो आणि खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यात चेपून आतले धागे तुटतात. मग साइडवॉलवर फुगा येतो. फुग्याला दुरुस्ती नाही, टायर काढावाच लागतो.

उपलब्धतेचाही विचार करा. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांच्या आयातीला परवान्याची अट घातली. तेव्हापासून आडमापाचे टायर मनासारख्या मॉडेलमध्ये मिळणं अवघड झालं आहे. चारपैकी एक टायर कापला गेला तर तोच पुन्हा मिळेल का, हे आधी विचारा. भारतात विकल्या जाणाऱ्या एखाद्या गाडीवर कंपनीतूनच येणारं माप बहुधा सहज मिळतं. टायरवर आयएसआय चिन्ह हवं आणि निर्मितीची तारीख चार आकड्यांत पाहा : ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा.

टायर बसला की तिथेच एक चाचणी करा. लोखंडी सरळ पट्टी किंवा लेव्हल चाकाच्या मध्यावर आडवी धरा, दोन्हीकडे फक्त साइडवॉलला टेकेल अशी. मग पट्टी आणि रिमची कड यांच्यातली फट मोजा. शून्य असेल किंवा पट्टी आधी रिमलाच टेकत असेल तर टायर काही वाचवणार नाही. पाच मिमीपासून थोडा भरवसा ठेवता येतो, आठ-दहा असेल तर उत्तम. त्याच पट्टीने आरे पाहा. काही डिझाइनचे आरे रिमच्या कडेपेक्षा बाहेर फुगलेले असतात. अशा रिमला कोणताच टायर वाचवू शकत नाही. आत खोलवर गेलेले आरे घ्यावेत.

प्रोटेक्टर असलेला टायर चढवणं-उतरवणं जरा जिकिरीचं असतं. धार जाड असल्यामुळे मशीनचा दाबणारा पंजा नेमका बसत नाही, घसरतो आणि फुटपाथने न केलेलं काम मशीन करून टाकतं. मशीनच्या तोंडाला प्लॅस्टिकचं आवरण, मशीनलाच जोडलेला मदतनीस हात आणि टायरच्या कडेला भरपूर पेस्ट, या तीन गोष्टी असलेलं दुकान निवडा. बॅलन्सिंगला कडेवर ठोकायची वजनं नको, आतून चिकटवायची सांगा. बोल्ट एअर गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. पुस्तिकेतला आकडा पाहून टॉर्क रेंचने आवळायला सांगा आणि ५०-१०० किमीनंतर पुन्हा तपासा.

रिमच्या कडेवर बाहेरून चिकटवायच्या पट्ट्या मिळतात. गोलसर कडेवर त्या टिकत नाहीत आणि टायर बदलताना निघतातच. मी तो खर्च टायरच्या मापावर करेन.

घासलंच तर दोन गोष्टी लगेच पाहा. प्रोटेक्टरच्या रबरावर चरा किंवा छोटा टवका चालतो. पण कापातून धागे दिसले तर टायर बदला. आणि रिमच्या कडेवर धातूचा काटा वर आला असेल तर तो बारीक पॉलिश पेपरने उतरवा, नाहीतर पुढच्या वेळी टायर काढताना तोच काटा नव्या रबराला चिरतो. कड आत वाकली असेल तर पॉलिश करून झाकू नका. साबणाचं पाणी लावून त्या जागी बुडबुडे येतात का पाहा आणि चाक बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या.