मोकळं खोगीर

वारीतल्या दिवेघाट, जेजुरी, नीरास्नान याबद्दल सगळेच लिहितात. मला तरडगाव ते फलटण लिहायचंय, कारण त्या वीसेक किलोमीटरात माझ्या डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड आला आणि "नवे बूट घालून जाऊ नका" असं बायको म्हणाली होती ते पावलापावलाला आठवत होतं.

आदल्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालेलं. एका अश्वावर स्वार, दुसरा माऊलींचा, त्यावर माऊलीच बसतात म्हणून त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. दोन्ही वारकऱ्यांच्या रांगांमधून धावून गेले आणि लोक टापांखालच्या मातीवर तुटून पडले, एकाने माझा पाय तुडवला, राग आला, आणि तरी डोळे भरून आले. का ते अजून कळलं नाही. मी इंजिनिअर माणूस, देवबिव फारसा मानत नाही, चालायला आवडतं म्हणून येतो असं ऑफिसात सांगतो.

तर बूट काढून कडेला बसलो होतो. एक आजी आल्या, जतकडच्या, डोक्यावर बोचकं. न विचारता माझा पाय मांडीवर घेतला, मी ओशाळून ओढून घ्यायला लागलो तर ओरडल्या. सुईत दोरा ओवला, फोडाच्या आरपार काढला आणि दोरा आत तसाच ठेवला, पाणी झिरपून जातं म्हणे. मग पदराची गाठ सोडली. आत टापांची माती.

"आजी, माती नको, धनुर्वात होईल."

"पटत न्हाई व्हय तुला?"

आता गप्प बसायचं ना? पण उन्हाने डोकं तापलेलं. म्हटलं, "त्या घोड्यावर कुणी नसतं हो आजी." बोललो आणि लाज वाटली, ज्या बाईच्या मांडीवर आपला घाणेरडा पाय आहे तिला आपण खरं-खोटं शिकवतोय! मागून एक दिंडी चाललेली, तुकोबांचा तो बहुमत न मानायचा अभंग, शेकडो माणसं एका सुरात. हसूच आलं.

"मला बी कुठं दिसतंय?" आजी म्हणाल्या. "आमच्या जत्रंत पालखीच्या मानावरनं भावकीत डोकी फुटली, चार वर्सं जत्रा बंद. हितं खोगीर मोकळं हाय ते बरं हाय."

अहो हे तर माझं वाक्य! श्रद्धेचा समाजाला उपयोग वगैरे मीच मित्रांना ऐकवत असतो, पण बाहेर उभा राहून. आजींनी एवढं बोलून तीच माती कपाळाला लावली, डोळे मिटले, ओठ हलत होते. त्यात नाटक नव्हतं, मी बारकाईने बघत होतो (वाईट सवय).

"मग खरं काय, आजी?"

"पाय वाळू दे आधी," म्हणाल्या आणि बोचकं उचलून गेल्या.

रात्री फलटणच्या तळावर समाजआरतीला चोपदारांचा दंड वर गेला, सगळे गप्प, एकाच दिंडीचे टाळ थांबेनात. तक्रार असली की टाळ असे वाजवत ठेवतात; यांचा पाण्याचा टँकर आलाच नव्हता. आमच्याकडेही पाणी नव्हतं, तरी आमची दिंडी का गप्प बसली त्याचा मला भयंकर राग आला.

तंबूत येऊन घरच्या ग्रुपवर अश्वाचा फोटो टाकला. आईचं लगेच, "माऊलींचं दर्शन झालं रे, धन्य झाले." मी टाईप केलं, "आई, तो घोडा..." मग खोडलं, हात जोडलेला इमोजी पाठवला आणि बेटाडीन शोधायला लागलो.