डॉजर्स-यँकीज वर्ल्ड सिरीज आणि माझी स्कोअरबुकची शिकवणी

जर्सी सिटीत राहायला आल्यापासून बेसबॉलशी माझा संबंध एवढाच की सोमवारी ऑफिसमध्ये लोक काय बोलतायत ते कळायचं नाही आणि मी कॉफी घेऊन तिथून सटकायचे. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा खेळ सुरुवातीला बघवतच नाही हो, तीन तास चालतो आणि त्यातला निम्मा वेळ सगळे नुसते थुंकतायत आणि टोप्या नीट करतायत असं वाटतं. पण २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजला (म्हणजे बेसबॉलची फायनल, सातपैकी चार गेम आधी जिंकेल तो चॅम्पियन) लॉस एंजेलिसचे डॉजर्स आणि न्यूयॉर्कचे यँकीज समोरासमोर आले, १९८१ नंतर पहिल्यांदा, आणि आजूबाजूला सगळे इतके पेटलेले की मी ठरवलं, आता शिकायचंच. आणि नुसतं बघून नाही, स्कोअर लिहून.

कारण मला ते एकच येतं. मुंबईत असताना मी मैदानावर स्कोअरर होते, कांगा लीगच्या मॅचेस, भर पावसाळ्यात टेबल ओलं, वही ओली, बोलर कोण आहे ते ओरडून विचारायचं आणि ओव्हर संपली की बॅटिंग आणि बोलिंगचा आकडा जुळवायचा. ज्याने हे केलंय त्याला माहितीय की लिहिताना मॅच जशी दिसते तशी नुसती बघून दिसत नाही.

शिकवायला मिळाले ते आमच्या बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे आजोबा. रिटायर्ड शाळामास्तर, जन्म ब्रुकलिनचा. डॉजर्स मुळात ब्रुकलिनचेच हे मला त्यांच्याकडूनच कळलं, आणि कळलं म्हणजे काय, सुनावलंच त्यांनी! १९४१ ते १९५६ मध्ये या दोन टीम सात वेळा वर्ल्ड सिरीजला भिडल्या, दोन्ही एकाच शहरातल्या, ब्रुकलिनहून सबवे पकडायची आणि ब्रॉन्क्सला यँकीजच्या ग्राउंडवर जायचं. सातपैकी सहा वेळा यँकीज जिंकले. ब्रुकलिनचे लोक दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचे, आणि १९५५ ला एकदाचे जिंकले, तेव्हा आजोबा शाळकरी पोर होते. १९५७ चा सीझन संपला आणि मालकाने टीम उचलून कॅलिफोर्नियाला नेली. त्यांचं ब्रुकलिनचं ग्राउंड, एबेट्स फील्ड, १९६० मध्ये पाडलं, तिथे आता बिल्डिंगी आहेत. आजोबांनी डॉजर्सना अजून माफ केलेलं नाही, १९६२ पासून ते न्यूयॉर्कच्याच मेट्स टीमचे, पण यँकीजबद्दल तर त्याहून राग, म्हणजे या सिरीजमध्ये त्यांना दोघेही हरायला हवे होते. असा न्यूट्रल मास्तर कुठे मिळणार सांगा.

पहिला धडा आकड्यांचा. फील्डरला नावाने नाही, नंबरने लिहायचं, आणि तो जर्सीवरचा नंबर नव्हे. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग आउटफील्ड डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉप उभा असतो सेकंड आणि थर्डच्या मध्ये पण त्याचा नंबर ५ नाही, ६, यात डोकं चालवायचं नाही, पाठ करायचं. मग डबल प्ले (एका बॉलवर दोन आउट) ६-४-३ असा लिहिला की कळतं बॉल कुठून कुठे गेला. प्रत्येक बॅटरच्या चौकोनात एक छोटा डायमंड, तो जितक्या बेस पुढे गेला तितक्या रेघा, रन झाला की डायमंड भरून काढायचा. स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइक होऊन आउट, म्हणजे के, आणि बॅटर नुसता बघत उभा राहून आउट झाला तर के उलटा काढायचा. हे उलटं के प्रकरण मला फार आवडलं, त्या माणसाची लाज कायमची कागदावर!

आणि ही पद्धत जमवण्यात ज्याचा मोठा हात तो हेन्री चॅडविक, इंग्लंडमध्ये जन्मलेला, ब्रुकलिनला येऊन पत्रकार झालेला आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा! बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचचा आकड्यांतला सारांश, त्याने रुजवला, १९ व्या शतकात, क्रिकेटच्या स्कोअरकार्डावरूनच. हे ऐकल्यावर मला जरा घरच्यासारखं वाटायला लागलं. आजोबांना मी म्हटलं बघा, शेवटी आमचंच आहे, तर ते म्हणाले की मग एवढा वेळ का लागतोय तुला शिकायला.

सिरीज सुरू व्हायच्या आधी त्यांनी जुन्या मॅचेस वाचून दाखवल्या आणि मी लिहायचं, शाळेतल्या शुद्धलेखनासारखं. १९५६ ची पाचवी गेम, ८ ऑक्टोबर, यँकीजचा डॉन लार्सन, २७ बॅटर आले आणि २७ च्या २७ आउट, एकसुद्धा बेसवर पोचला नाही. वर्ल्ड सिरीजमधली एकमेव परफेक्ट गेम. लिहायला सोपी, एकही डायमंड भरायचा नाही, आणि शेवटचा आउट उलटा के. मग १९४१ ची चौथी गेम, ती मात्र बेकार. ब्रुकलिन ४-३ ने पुढे, नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये तीनपैकी दोन आउट, यँकीजच्या टॉमी हेनरिकचा तिसरा स्ट्राइक, मॅच संपली, आणि कॅचर मिकी ओवेनच्या ग्लोव्हजमधून बॉल निसटला. हेनरिक पळाला आणि फर्स्टवर सेफ. म्हणजे के सुद्धा लिहायचा, कॅचरचा एरर म्हणून ई-२ सुद्धा लिहायचा, आणि बॅटर जिवंत! मी म्हटलं हे कसं शक्य आहे, आउट झाला ना तो. नियम आहे. यँकीजनी तिथून चार रन्स काढले आणि ७-४ जिंकले. आजोबांचा तेव्हा जन्मसुद्धा झालेला नव्हता पण सांगताना आवाज असा की कालच झालंय.

पहिली गेम २५ ऑक्टोबरला, डॉजर्सच्या ग्राउंडवर. नवऱ्याने सांगून ठेवलं होतं की अकराला झोपणार, तो झोपलाही, आणि मी खाली आजोबांकडे वही घेऊन बसलेली. लिहिताना नऊ इनिंग कशा गेल्या कळलं नाही, २-२, एक्स्ट्रा इनिंग. दहाव्यात यँकीज ३-२ पुढे. मग डॉजर्सचे दोन रनर बेसवर, एक आउट, आणि यँकीजनी नेस्टर कोर्टेसला आणला जो दुखापतीमुळे महिनाभर एकही मॅच खेळला नव्हता. समोर डॉजर्सचा स्टार शोहेई ओटानी. पहिल्याच बॉलला फाऊल, लेफ्ट फील्डचा व्हर्डूगो पळत गेला, कॅच घेतला आणि कठड्यावरून प्रेक्षकांत पडला. मी एफ-७ (लेफ्ट फील्डला उडालेला कॅच) लिहून मोकळी, तर आजोबा म्हणतात रनर पुढे कर, दोघांनाही एकेक बेस. फील्डर कॅच घेऊन प्रेक्षकांत पडला की रनर्सना बेस मिळतो. आता फर्स्ट रिकामा म्हणून मुकी बेट्सला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे फर्स्ट बेस फुकट, त्याला हल्ली बॉलसुद्धा टाकावे लागत नाहीत, नुसती खूण केली की झालं. बेस लोडेड (तिन्ही बेसवर रनर), दोन आउट, फ्रेडी फ्रीमन, ज्याचा घोटा दुखावलेला होता. पहिलाच बॉल, राइट फील्डच्या प्रेक्षकांत. ६-३. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात मॅच संपवणारा ग्रँड स्लॅम (बेस लोडेड असताना होमरन, म्हणजे बॉल थेट प्रेक्षकांत, चार रन) त्याआधी कुणी मारलेला नव्हता. चार डायमंड एकदम भरायचे, माझ्या पेन्सिलीचं टोक तुटलं. आणि कोर्टेसचा हिशोब काय, तर अख्ख्या मॅचमध्ये टाकलेले बॉल दोन. एक आउट, एक ग्रँड स्लॅम.

दुसरी आणि तिसरी गेम डॉजर्सनी ४-२, ४-२ अशी घेतली, त्यात सांगण्यासारखं एवढंच की दुसरीत ओटानी सेकंड बेस चोरायला गेला, आउटही झाला आणि खांदाही दुखावून घेतला. चौथीत यँकीज जागे झाले, व्होल्पीने ग्रँड स्लॅम मारला, ११-४. त्याच गेमच्या पहिल्या इनिंगमध्ये बेट्सने फाऊल लाइनच्या भिंतीशी कॅच घेतला आणि दोन यँकीज फॅननी त्याचा ग्लोव्ह उघडून बॉल ओढून काढला, अक्षरशः मनगट धरून! अंपायरने बॅटर आउट दिला, वहीत साधं एफ-९. ही भानगड वहीत दिसतच नाही.

आता पाचवी गेम, ३० ऑक्टोबर, यँकी स्टेडियम. ही मी अजून उघडून बघते. पहिल्याच इनिंगमध्ये यँकीजचा स्टार ॲरन जज आणि लगेच चिझम, पाठोपाठ होमरन, तिसऱ्या इनिंगपर्यंत ५-० यँकीज. यँकीजचा पिचर गेरिट कोल, त्याने चार इनिंगमध्ये एकही हिट दिला नव्हता, डॉजर्सचं पान जवळजवळ कोरं. आजोबा म्हणाले सिरीज आता लांबणार. आणि पाचवी इनिंग सुरू झाली आणि आईचा फोन. तिकडे नरक चतुर्दशीची सकाळ, सात वाजून गेलेले, दादरला सगळ्यांची अभ्यंगस्नानं आटोपलेली, कारेटं फोडून झालेलं, आणि मागे फटाके. मी म्हटलं आई बोल, ऐकतेय, आणि लिहीत होते.

कीके हर्नांडेझचा हिट. मग टॉमी एडमनचा सेंटरला सरळ कॅच, जजच्या हातात आला आणि पडला. जजच्या! ई-८. मग विल स्मिथ (ॲक्टरशी गल्लत करू नका), शॉर्टस्टॉपला ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून गेलेला बॉल, व्होल्पीने थर्डला थ्रो टाकला तो जमिनीत. ई-६. बेस लोडेड, आउट शून्य. कोलने लक्सला के काढला. ओटानीला के काढला. दोन आउट, आता बाहेर पडणार बघ, म्हणून मी आईला सांगायला लागले तर बेट्सने फर्स्ट बेसकडे हळू, फिरत जाणारा ग्राउंडर मारला. फर्स्ट बेसवरच्या रिझोने उचलला. अशा वेळी पिचरने पळत फर्स्ट बेस गाठायचा असतो, लहान पोरांनाही हेच शिकवतात, रिझोने कोलला टाकायचा, ३-१, इनिंग खतम, स्कोअर ५-० तसाच. कोल पळालाच नाही. दोन पावलं टाकून उभा राहिला आणि रिझोकडे बोट दाखवलं, तू जा म्हणून. बेट्स सेफ, एक रन. मग फ्रीमनचा हिट, दोन रन. मग टेऑस्कर हर्नांडेझचा डबल, दोन रन. ५-५. आई विचारतेय, अगं काय झालं, रडतेयस का. बाबा मागून ओरडले, "कोण हरतंय?"

मी वहीत बेट्सच्या चौकोनात ई-१ लिहायला गेले तर आजोबांनी हात धरला. हिट आहे तो. मी म्हटलं हिट कसला, बावळटपणा आहे कोलचा. ते म्हणाले असेल, पण नियम असा की हाताने झालेली चूक एरर, डोक्याने झालेली नाही. स्कोअररने ती एरर धरायची नाही. आणि अजून कहर पुढे आहे. रन अर्न्ड (पिचरच्या खात्यावर) की अनअर्न्ड (फील्डरच्या चुकांमुळे) ठरवताना एरर झाल्याच नाहीत असं धरून इनिंग परत मांडायची. एडमन आउट, स्मिथच्या बॉलवर एक आउट, लक्सचा के तिसरा, म्हणजे ओटानी आणि बेट्स बॅटिंगला यायलाच नको होते. म्हणून पाचही रन अनअर्न्ड, कोलच्या नावावर शून्य! ज्या एका चुकीने मॅच फिरली ती वहीत कुठेच नाही, उलट ज्याने केली त्याचं पान सगळ्यात स्वच्छ. जज आणि व्होल्पीच्या नावावर मात्र डाग. आम्ही यावर सहावी इनिंगभर भांडलो. आजोबांचं म्हणणं, कुणी काय करायला हवं होतं ते लिहायला लागलं तर कागद पुरणार नाही. मला अजूनही नाही पटलेलं. क्रिकेटमध्येही सोडलेला कॅच स्कोअरबुकात नसतो हे खरंय, पण मग इथे सोडलेला कॅच लिहिता आणि हे नाही?

सहाव्यात यँकीज ६-५. आठव्यात डॉजर्सचे परत बेस लोडेड, लक्सची सॅक्रिफाइस फ्लाय (कॅच देऊन आउट, पण तेवढ्यात थर्डचा रनर रन काढतो), बरोबरी, आणि मग ओटानीच्या बॅटला कॅचर ऑस्टिन वेल्सचा ग्लोव्ह लागला. कॅचर्स इंटरफिअरन्स, बॅटरला फर्स्ट बेस फुकट, आणि लिहायचं काय, तर ई-२. आजोबा हसायलाच लागले, "१९४१ ची परतफेड, व्याजासकट." बेट्सची फ्लाय, ७-६. नवव्याला डॉजर्सनी वॉकर ब्युलरला आणला, जो दोनच दिवसांपूर्वी तिसरी गेम स्टार्टर पिचर म्हणून टाकून बसला होता, पहिला आउट ग्राउंडर, पुढचे दोन के, शेवटचा व्हर्डूगो, सरळ के, स्विंग करून गेला बिचारा. सिरीज ४-१, डॉजर्सचं आठवं टायटल. एमव्हीपी, म्हणजे सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू, फ्रीमन, पहिल्या चारही गेममध्ये होमरन आणि एकूण १२ रन बॅटेड इन (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन), १९६० च्या बॉबी रिचर्डसनच्या रेकॉर्डची बरोबरी.

टीव्हीवर शॅम्पेन उडत होती आणि आम्ही हिशोब जुळवत बसलो, कारण तो जुळल्याशिवाय वही बंद करायची नाही हे इथेही आहेच. एका बाजूला त्या टीमचे सगळे बॅटिंग टर्न, म्हणजे ॲट-बॅट, वॉक, सॅक्रिफाइस, आणि तो इंटरफिअरन्सवाला एक वेगळा मोजायचा. दुसऱ्या बाजूला त्यांचे रन्स, बेसवर अडकलेले, आणि समोरच्यांनी काढलेले आउट. दोन्ही सारखे आले पाहिजेत. आले.

कुणाला शिकायचं असेल तर एप्रिलच्या एखाद्या साध्या मॅचपासून सुरू करा, पेन्सिल वापरा, आणि लीगच्या ॲपवर प्रत्येक प्ले लिहून येतो त्याच्याशी नंतर ताडून बघा. फक्त लक्षात ठेवा, रेग्युलर सीझनमध्ये एक्स्ट्रा इनिंगला सेकंडवर एक रनर आयता उभा करतात, प्लेऑफमध्ये नाही, तो कसा लिहायचा यावर प्रत्येकाचं वेगळं मत आहे. सीझन सुरू झाला की आमचं क्वीन्सला मेट्सच्या मॅचला जायचं ठरलंय, तिकिटं आजोबांची, हॉट डॉग माझे. यँकी स्टेडियमचंही विचारलं होतं मी, पण ते ब्रॉन्क्सला यायला तयार नाहीत.