बोटीवरच्या जेवणाला आता कोण नटतं?

क्रूझचं तिकीट हातात पडलं की रत्नागिरी-मालवणकडच्या घरांत दोन प्रश्न निघतात. "कोट शिवायला टाकायचा का?" आणि "पैठणी नेली तर तिकडे कसं दिसेल?" उत्तर आधीच सांगून टाकतो. कोट शिवू नका, पैठणी नक्की न्या. पण कुठल्या बोटीवर चाललात ते आधी बघा, कारण रिवाज बोटीगणिक बदलतो.

आपल्याकडे 'बोट' म्हटलं की जुन्या माणसांना भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकण बोट आठवते. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले करत ती पणजीला जायची. डेकवर वळकटी पसरायची, शिदोरी सोडायची आणि आपलं बंदर आलं की पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्याला लागायचं. त्या प्रवासात जेवणासाठी कपडे बदलण्याचा विषयच नव्हता. त्याच मुंबईत बॅलार्ड पिअरवरून पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या टपाल नेणाऱ्या मेल बोटी विलायतेला जात. तिथे पहिल्या वर्गाची माणसं रोज रात्री डिनर जॅकेट, म्हणजे रेशमी कॉलरचा काळा कोट, चढवून जेवायला बसत. पहिल्या आणि शेवटच्या रात्री मात्र पोशाखाची सक्ती नसे. पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत. हे कारण लक्षात ठेवा, आजच्या बोटीवरही ते तसंच लागू आहे.

आता आजचं. कुनार्ड या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर जुना रिवाज सर्वांत नेटाने पाळला जातो. 'क्वीन मेरी २' साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला सात रात्रींत जाते आणि त्यांतल्या साधारण दोन 'गाला', म्हणजे नटून जेवायच्या औपचारिक रात्री असतात. त्या रात्री संध्याकाळी सहानंतर पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट, बायकांना इव्हिनिंग गाऊन किंवा त्या तोडीचा पोशाख. ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी बुफे आणि पबसारख्या मोजक्या जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात, पण मुख्य भोजनगृहात साध्या कपड्यांत बसता येत नाही. पी अँड ओच्या ब्रिटिश बोटींवरही 'ब्लॅक टाय', म्हणजे डिनर जॅकेटच्या रात्री अजून होतात. अमेरिकन बोटींवर दोर बराच सैल झालाय. कार्निव्हल कंपनीच्या बोटींवर 'एलिगंट' रात्र असते. दोन ते पाच दिवसांच्या सफरीत एक, सहा दिवस किंवा जास्त असतील तर दोन. तिथे शर्ट-पँट चालते, कोट ऐच्छिक. सेलिब्रिटी या कंपनीने २०१५च्या अखेरीस औपचारिक रात्री बंदच केल्या आणि 'इव्हिनिंग शिक' नावाची सौम्य आवृत्ती आणली. नॉर्वेजियन कंपनीने २००० सालापासूनच 'फ्रीस्टाइल' म्हणत सक्ती काढून टाकली. व्हायकिंगच्या बोटींवर औपचारिक रात्र नाहीच. व्हर्जिनने तर टायऐवजी रंग धरला. एका रात्री सगळ्यांनी लाल घालायचं.

मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या 'एम्प्रेस'सारख्या बोटीवर, दोन-तीन रात्रींच्या गोवा फेरीत, टायची काही गरज नाही. स्वच्छ, इस्त्रीचे कपडे आणि बंद बूट एवढं पुरतं.

नटणं कमी का झालं, याचं आळशीपणा हे कारण लोक पटकन देतात. ते मला पटत नाही. खरं कारण विमानात नेता येणाऱ्या सामानाच्या वजनात आहे. पूर्वीचा प्रवासी धक्क्यावरूनच बोटीत चढायचा, ट्रंक हमालाच्या डोक्यावर. आज मुंबईहून सिंगापूर किंवा बार्सिलोनाला विमानाने जायचं आणि तिथून बोट पकडायची. कोट, पँट आणि चामडी बूट मिळून साधारण तीन किलो होतात, तेही दोन संध्याकाळींसाठी. दुसरं कारण म्हणजे जेवणाच्या जागा वाढल्या. एकच भोजनगृह, नेमलेलं टेबल आणि नेमलेली वेळ होती तेव्हा न नटलेला माणूस उठून दिसायचा. आता तो सरळ वरच्या बुफेत जातो.

तरीही औपचारिक रात्री जिन्यापाशी उभं राहून पाहिलं तर नटलेली माणसं भरपूर दिसतात. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस साजरा करणारी जोडपी, तीन पिढ्या मिळून आलेली कुटुंबं. बोटीचे फोटोग्राफर त्या संध्याकाळी जागोजागी पडदे आणि दिवे लावून बसतात, कॅप्टनही बहुधा त्याच रात्री भेटतो. टाय नाही म्हणून अमेरिकन बोटीवर कुणी दारातून परत पाठवत नाही. परत पाठवतात ते हाफ पँट, पोहण्याचे कपडे, बनियनवजा बिनबाह्यांचा शर्ट, टोपी आणि रबरी स्लिपर बघून.

ही औपचारिक रात्र बहुतेक वेळा सफरीच्या दुसऱ्या दिवशी आणि बंदर नसलेल्या दिवशी ठेवतात. दिवसभर पाणीच पाणी असल्यामुळे तयारीला वेळ मिळतो. पहिल्या दिवशी ठेवत नाहीत, कारण बॅगा पोचलेल्या नसतात.

आता आपल्या कपाटाकडे वळू. राष्ट्रीय पोशाख हा औपचारिक पोशाख म्हणून धरण्याची रीत जुनी आहे. काळा किंवा गडद निळा बंदगळा, खाली त्याच कापडाची पँट आणि काळे बूट, हे डिनर जॅकेटच्या जागी निर्धास्त चालतं. बो टाय, कमरपट्टा, रेशमी कॉलर यांच्या भानगडीत पडायचं कारण नाही. कुर्ता आणि वर जाकीट हे अमेरिकन बोटीवर पुरेसं, पण कुर्ता गुडघ्यापर्यंतचा आणि रेशमी किंवा जाड विणीचा हवा. रोजचा खादी कुर्ता चुरगळून आठ वाजेपर्यंत झोपेतून उठल्यासारखा दिसतो. पायांत कोल्हापुरी घालू नका. दारावरच्या माणसाला ती चप्पलच दिसते, आणि बोटीच्या गुळगुळीत फरशीवर चामड्याचा तळ घसरतो. मोजडी किंवा बंद बूट न्या.

बायकांचं काम सोपं आहे. पैठणी, नारायणपेठ, इरकल, सगळ्यांपुढे गाऊन फिका पडतो, हे मी मनापासून म्हणतो. फक्त तीन गोष्टी सांभाळायच्या. साडी नेसताना त्या रात्री घालायच्या चपलाच पायांत असू द्या, कारण बोटीवर जिने पुष्कळ आणि निरी अर्धा इंच लांब झाली तरी पाय अडकतो. उघड्या डेककडे जाणाऱ्या काही दारांना उंच उंबरठा असतो, तिथे निऱ्या हाताने उचलून धरा. आणि पदर खांद्यावर दोन पिनांनी बसवा, एक खांद्यावर आणि एक ब्लाउजच्या मागच्या बाजूला आतून. डेकवरचा वारा एका पिनेला जुमानत नाही, उलट रेशीम फाडतो. नऊवारी नेसता येत असेल तर बोटीवर तिच्यासारखा पोशाख नाही. काष्ट्यामुळे जिना चढणं सोपं होतं. भोजनगृहात एसी चांगलाच गार असतो, शाल हाताशी हवी.

दागिन्यांत सोनं घरी ठेवा. परदेशच्या सफरीत जड सोनं नेलं तर जाताना विमानतळावर कस्टमकडून त्याची नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर परतताना ते आपलंच आहे हे सांगत बसावं लागतं. चिंचपेटी, तन्मणी आणि मोत्यांची नथ संध्याकाळच्या दिव्यांत सोन्याहून खुलते. केबिनमध्ये छोटी तिजोरी असते, त्यात हे सगळं मावतं.

कोकणातल्या माणसाचा खरा शत्रू मात्र बोटीचा नियम नाही, आपली हवा आहे. आपल्याकडचा क्रूझचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो, म्हणजे कपडे नेमके चार महिने ओलीत काढून आलेले असतात. लोकरीच्या कोटाच्या कॉलरवर, काखेत आणि बाहीच्या आतल्या शिवणीवर पांढरट बुरशी धरते, कारण तिथे घाम आणि तेल मुरलेलं असतं. ती ओल्या फडक्याने पुसायची नाही. पुसल्याने बुरशी कापडात पसरते. कोट अंगणात उन्हात अर्धा तास टांगायचा, सुकल्यावर घराबाहेर मऊ ब्रशने वरून खाली झाडायचा आणि मगच ड्रायक्लीनला द्यायचा. सफरीच्या किमान तीन आठवडे आधी. तालुक्याच्या गावात ड्रायक्लीनचे कपडे पुष्कळदा बाहेर पाठवले जातात आणि दसरा-दिवाळीच्या गर्दीत ते वेळेवर परत येत नाहीत.

रेशमी साडीला ऊन दाखवायचं नाही. सावलीत, पंख्याखाली, दोरीवर स्वच्छ पंचा टाकून त्यावर पसरायची. तीन-चार तासांनी बाजू पालटायची. जुन्या घड्या मोडून नव्या जागी घाला, नाहीतर घडीवरच जरीची तार तुटते. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत साडी ठेवूच नका. कोंडलेल्या ओलीने जर काळवंडते. मलमलीचं किंवा जुन्या धोतराचं कापड उत्तम. डांबरगोळीचा वास घालवायला आठ दिवस हवेत. बोटीची केबिन लहान आणि बंद, आतल्या केबिनला तर खिडकीही नसते. त्या वासात आठवडा काढणं नको होतं.

बुटांकडे कुणी बघत नाही आणि फजिती तिथेच होते. लग्नात घेतलेले, दोन-तीनदा वापरून खोक्यात ठेवलेले बूट वरून नवे दिसतात. पण पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत आतून कुजतो, न वापरताही. मग नेमकं भोजनगृहाच्या वाटेवर तळ भाकरीसारखा तुटून पडतो. निघण्याच्या आठवडाभर आधी ते बूट घालून तासभर चाला. तुटायचे असतील तर घरी तुटू द्या. अंगठ्याने तळ दाबून पाहिला आणि तो चिकट लागला किंवा भुगा निघाला, तर चिकटवण्याच्या फंदात न पडता नवे घ्या.

बॅगेत भरताना कोटाचा एक खांदा उलटा करून दुसरा त्यात बसवा, म्हणजे अस्तर बाहेर येतं आणि कापड आत सुरक्षित राहतं. मग उभा दुमडून बॅगेच्या सगळ्यांत वर. साडीच्या घडीत जुनं पंचाचं कापड घालून सैल गुंडाळी केली तर कडक घडी पडत नाही. वर्तमानपत्र घालू नका, शाई लागते.

इस्त्री किंवा हातातलं स्टीमर नेऊ नका. आगीच्या भीतीने बहुतेक सगळ्या बोटींवर ते बंद आहे आणि चढतानाच तपासणीत काढून घेतात. उदबत्ती, मेणबत्तीचंही तेच. काही बोटींवर प्रवाशांसाठी लाँड्रीची खोली असते आणि तिथे इस्त्री मिळते; कुनार्डवर आहे, रॉयल कॅरिबियनवर नाही. नसेल तिथे केबिनमधल्या लाँड्रीच्या पिशवीत कपडे घालून सोबतचा कागद भरायचा, नगावर पैसे लागतात. हे पहिल्याच संध्याकाळी करा. औपचारिक रात्रीच्या दुपारी सगळी बोट तेच करते आणि कपडे वेळेवर येत नाहीत. लोकरीच्या कोटाला न्हाणीघरात टांगून दहा मिनिटं गरम पाणी सोडलं तरी बारीक सुरकुत्या जातात. रेशमाला मात्र हा उपाय करू नका, पाण्याचा थेंब पडला की डाग राहतो. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, त्यामुळे चांगले चुंबकाचे हूक चारेक न्या. साडी रात्रीच मोकळी करून टांगता येते.

जेवणाबद्दल थोडंसं. अमेरिकन बोटींवर औपचारिक रात्री पुष्कळदा लॉबस्टर असतो, म्हणजे आपली शेवंड, लोण्यात भाजलेली. मालवणी मसाल्याची सवय असलेल्या जिभेला ती फिकी लागेल. लिंबू जास्त मागून घ्या. वितळलेलं लोणी रेशमावर पडलं तर चोळू नका. कोरड्या नॅपकिनने नुसतं टिपा, वर टॅल्कम पावडर टाका आणि सकाळी हलकेच झाडा. शाकाहारी असाल तर पहिल्याच रात्री मुख्य वेटरला सांगा. तो दुसऱ्या दिवशीचं आदल्या रात्री विचारून ठेवतो.

आता त्या ट्रंकांच्या गोष्टीकडे. धक्क्यावर दिलेली मोठी बॅग केबिनमध्ये पोचायला कधी रात्रीचे आठ होतात. म्हणून पहिल्या रात्रीचे कपडे, औषधं आणि दागिने हातातल्या पिशवीत हवेत. शेवटच्या रात्री उलटं. बॅगा अकरा-बाराच्या सुमारास दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट धक्क्यावर भेटतात. पैठणी आणि बंदगळा सगळ्यांत आधी त्यात जातात. त्या घाईत सकाळी घालायची पँट, चपला आणि पासपोर्टसुद्धा बॅगेत भरले जातात, आणि उतरायच्या सकाळी माणूस नाइट ड्रेसमध्ये अडकतो. बॅग बंद करण्याआधी सकाळचा पूर्ण पोशाख, चपलांसकट, पलंगावर मांडून ठेवा आणि पासपोर्ट त्याच्यावर.