तुम्ही विचारलंत म्हणून: सुकाणूवर स्विच कशाला?

होडीच्या मागच्या कप्प्यात डोकावलेला माणूस हमखास विचारतो, "ऑटोपायलट होडी नीट नेतोय ना? मग सुकाणूवर हा सेन्सर आणि हे दोन स्विच कशाला?" तुम्हीही तेच विचारलंत.

ऑटोपायलट होकायंत्र वाचतो. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, कुठे वळली ते त्याला कळतं, पण पाण्याखाली सुकाणू किती वळलंय ते कळत नाही. माझ्याकडे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा पायपायलट नावाचा ऑटोपायलट आहे. तो सेन्सरशिवायही चालतो, आणि शांत पाण्यात मला कधी काही कमी वाटलं नाही.

मग एप्रिलमधली ती दुपार. मुंबईहून खांदेरीकडे निघालो होतो, वायव्येचा वारा मागून उजवीकडून. एका लाटेनं होडी वाऱ्याकडे फिरवली. ऑटोपायलटनं सुकाणू उलट लोटलं, ते टोकाला जाऊन अडलं, तरी नाळ जागेवर येईना, म्हणून तो लोटतच राहिला. मोटरचा आवाज जड झाला, मग मोटरच्या आतल्या तापलेल्या तारेचा वास आला. कप्पा उघडला तर ॲक्च्युएटरचा, म्हणजे सुकाणू ढकलणाऱ्या मोटरच्या दांड्याचा, बोल्ट वाकलेला आणि ब्रॅकेटखालच्या फायबरला केसाएवढी चीर. ॲक्च्युएटरच्या पोटात लिमिट स्विच, म्हणजे टोक आलं की मोटर थांबवणारे स्विच, असतात, हे खरं. पण ते त्याच्या स्वतःच्या दांड्याच्या टोकांना. सुकाणूचं टोक त्याच्या आधीच आलं होतं.

म्हणून आधी सुकाणूचा कोन कळावा यासाठी पोटेन्शियोमीटर बसवला, म्हणजे आतल्या पट्टीवर घासत फिरणारा सेन्सर. सुकाणूचा हात आणि सेन्सरचा हात सारख्याच लांबीचे आणि समांतर ठेवले की कोन जसाच्या तसा उतरतो. मात्र सांध्यात जराशी ढिलाई राहिली तरी मोटर मध्यावर उगाच इकडेतिकडे करत राहते, म्हणून दोन्ही टोकांना बॉल जॉइंट घेतले. तरी पुढे सेन्सरचा आकडा मध्यावरच उड्या मारू लागला. सुकाणू जास्तीत जास्त वेळ मध्याच्या आसपासच असतं, त्यामुळे आतली पट्टी तिथेच झिजते, आणि खारी हवा उरलेलं काम करते. आता एएस५६०० आहे: फिरणारं चुंबक, समोर चिप, घासणारं काही नाही. एका फेरीचे ४०९६ भाग, म्हणजे अंशाच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक. चिप इपॉक्सीत बुडवून टाकलीय.

सेन्सर आल्यावर स्विच कशाला? कारण सेन्सरचं ऐकणारा प्रोग्रॅम अडकू शकतो, वायर तुटू शकते. माझं सुकाणू ३५ अंशांवर लाकडी ठोकळ्याला टेकतं. प्रोग्रॅम ३० वर थांबवतो. तो चुकला तर ३३ वर स्विच मोटरचा करंटच तोडतो, कुणाला न विचारता. स्विच एनसी प्रकारचे, म्हणजे एरवी जोडलेले. वायर निघाली तरी मोटर त्या बाजूला ढकलत राहणार नाही. प्रत्येक स्विचला समांतर एक डायोड असतो, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग. तो नसेल तर टोकाला गेलेलं सुकाणू मोटरला परत आणताच येत नाही, कारण करंट दोन्ही दिशांनी तुटलेला असतो. डायोड फक्त परतीचा रस्ता मोकळा ठेवतो. तो मोटरचा पूर्ण करंट पेलेल असाच घ्या. स्विच पुन्हा जुळेपर्यंत सगळा भार त्याच्यावर असतो.

दर मोसमाआधी मी कप्प्यात उतरतो. वरून कुणीतरी मोटर चालवतं, मी बोटानं स्विच दाबतो. मोटर थांबली पाहिजे. मग बोट तसंच दाबून ठेवून ओरडतो, "आता उलटी फिरव!"