व्हिएन्नाहून हालष्टाट: तिकीट, बॅगा आणि बोट

पुण्याहून मुलाबाळांसह हालष्टाट या तलावाकाठच्या गावी निघणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावं: ऑस्ट्रियात रेल्वेचं तिकीट काढलं म्हणजे सीट मिळाली असं नाही. 'श्पारशीने' हे स्वस्त तिकीट ठरलेल्या गाडीपुरतंच चालतं, म्हणून विमानातून उतरायच्या दिवसासाठी ते घेऊच नका, विमानाला उशीर झाला तर वाया जाईल. आरक्षणाचे पैसे वेगळे, पण चौघांना एकत्र बसायचं तर ते द्यावेतच. 6 वर्षांखालची मुलं फुकट, 15 वर्षांखालची अर्ध्या तिकिटात. रेलजेट या वेगवान गाडीच्या फॅमिली झोनमध्ये मुलांना सिनेमा दाखवतात. शांतता झोन मात्र आपल्यासारख्या गप्पिष्टांनी टाळावा!

अटनांग-पुखहाइमला गाडी बदलायची. बॅगा आधीच दाराशी आणा. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. पुढच्या छोट्या गाडीत ट्राउन तलाव डावीकडे दिसतो, हालष्टाटचा तलाव उजवीकडे. दशम्या-चटणीचा डबा इथेच उघडा.

हालष्टाट स्टेशन गावात नाही, तलावाच्या पल्याड आहे. बोटीचं तिकीट वेगळं, त्यामुळे सुटे युरो जवळ ठेवा. बोट गाड्यांच्या वेळेप्रमाणे सुटते, पण रात्री उशिरा मिळत नाही. उशीर झालाच तर पुढे ओबरट्राउनला उतरून टॅक्सी करा.