तुम्ही विचारलेत म्हणून: पूर्व तिमोरची मदत गेली कुठे?

‘एवढ्याशा देशाला जगाने इतका पैसा दिला, मग तो गेला कुठे?’ आग्नेय आशियातल्या पूर्व तिमोरमध्ये मी काही काळ पाणीपुरवठ्याच्या कामावर होतो हे कळले की हा प्रश्न हमखास येतो. पैसा कोणी खाल्ला, हे ऐकण्याची अपेक्षा त्यामागे असते. माझे उत्तर असे की, त्यातला बराचसा पैसा तिमोरी माणसांपर्यंत पोहोचलाच नाही, आणि त्यासाठी कोणाला चोरी करावी लागली नाही.

३० ऑगस्ट १९९९ रोजी ७८.५ टक्के मतदारांनी इंडोनेशियापासून वेगळे होण्याचा कौल दिला आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत, इंडोनेशियन लष्कराने पोसलेल्या टोळ्यांनी घरे, शाळा, वीजयंत्रणा असे देशातले सुमारे ७० टक्के बांधकाम उद्ध्वस्त केले. डिसेंबरमध्ये टोकियोत जमलेल्या दात्या देशांनी ५२ कोटी डॉलर देऊ केले. कारभार मात्र २००२ पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या हाती होता. सल्लागारांचे पगार, विमानभाडी, गाड्या, बाहेरून आणलेले सामान यांतून पैसा आला तसा परत गेला. परदेशी कर्मचाऱ्यांसाठी राजधानी दिली शहराच्या बंदरात तरंगते हॉटेलही आणून उभे केले होते.

एर्मेराच्या कॉफीच्या डोंगरांतल्या एका गावात आम्ही बसवलेला पंप पाच महिन्यांत बंद पडला. त्यातले एक सील गेले होते आणि ते ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून यायचे होते. रिकामा प्लास्टिकचा कॅन घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी मला शांतपणे विचारले, “वरच्या झऱ्यापासून उताराने नळ आणला असता, तर आम्हालाच दुरुस्त करता आला असता ना?” आराखडा आखताना हे गावाला विचारण्याची आमची जबाबदारी होती आणि आम्ही ते विचारले नव्हते. त्या बाईंचा चेहरा मला आजही आठवतो.

तरीही सगळी मदत वाया गेली, असे मी म्हणणार नाही. आंतरराष्ट्रीय शांतिसेना आली नसती तर त्या हिंसाचारात इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पश्चिम तिमोरमध्ये गेलेली लाखो माणसे घरी परतलीच नसती. २००५ मध्ये तेलाच्या उत्पन्नाचा निधी उभा राहिला, तेव्हा खर्च कशावर करायचा हे तिमोरची संसद ठरवू लागली. आणि क्यूबाने, जो स्वतः श्रीमंत देश नव्हे, आपले डॉक्टर पाठवले, शिवाय शेकडो तिमोरी मुलामुलींना वैद्यकीय शिक्षण दिले. ती मुले परत आली आणि आपल्याच लोकांना त्यांच्याच भाषेत ‘कुठे दुखते?’ असे विचारू लागली.